क्लिपची बाजू

तिनं चाकू हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "बाबा, क्लिप या बाजूला कशी आली?"

प्रश्न साधा होता. दूध आलंय का, किल्ली कुठं ठेवलीत, असले प्रश्न ज्या आवाजात विचारतात त्याच आवाजात तिनं तो विचारला. पण विचारून झाल्यावर ती हलली नाही. टेबलापाशी तशीच उभी राहिली. तिचा अंगठा चाकूच्या पाठीवर काहीतरी शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं. घरात दिवे गेल्यावर ओळखीच्या भिंतीवर ओळखीचं कपाट सापडू नये, तसं काहीसं. मी कौतुकाची वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, पंधरा दिवस मी त्या एका क्षणाची वाट बघत होतो. सून येईल, चाकू बघेल, "किती छान बसवलंत हो!" म्हणेल आणि मी "त्यात काय एवढं" म्हणेन, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. ऐनवेळी मला काही सुचत नाही, म्हणून मी वाक्यं आधीच जुळवून ठेवतो. तरुणपणीही ठेवायचो. आता जुळवलेलं वाक्य तोंडात तयार होतं आणि ते बोलायला जागा नव्हती.

"चुकीच्या बाजूला होती ती," मी म्हणालो. "मी सरळ केली."

चाकू माझ्या मुलाचा. मुलगा गेला त्याला आठ महिने झाले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. एका इमारतीच्या तळघरात काम संपवून हत्यारं पिशवीत भरता भरता खाली बसला आणि उठला नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. चाकू खिशात होता. घडीचा चाकू, राखाडी टायटॅनियमच्या मुठीचा, मिटला की तळहातात मावणारा. पातं उघडून बसताना एकच आवाज यायचा, टक्, आणि तो आवाज ऐकला की मला आमच्या जुन्या छापखान्यातला अक्षराचा खिळा ओळीत नीट बसल्याचा आवाज आठवायचा. चाकू फार महागाचा होता. किती, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी पुस्तकांच्या हिशेबात त्याची किंमत केली असती, हे त्याला ठाऊक असणार. अशा चाकूंचे शौकीन असतात हे मला तो गेल्यावर कळलं. ही माणसं चाकूचे स्क्रू बदलतात, खिशाला अडकवायची क्लिप बदलतात, पातं उघडताना अंगठा टेकवायला जी इवलीशी खुंटी असते ती बदलतात. त्यानं कापण्यात काडीचाही फरक पडत नाही. सगळं दिसण्यापुरतं. ऐकून मला आधी हसू आलं. मग वाटलं, आपण चाळीस वर्षं दुसरं काय केलं? मुद्रितं तपासली. लोकांच्या वाक्याचा अर्थ बदलायचा मला अधिकार नव्हता आणि, खरं सांगायचं तर, धीरही नव्हता. उलटा पडलेला खिळा सुलटा करायचा, वेगळ्या वळणाचं एखादं अक्षर ओळीत घुसलं असेल तर ते बाहेर काढायचं, ओळी सारख्या दिसल्या पाहिजेत एवढं बघायचं. लेखक मला ओळखत नसत. वाचक तर नाहीच. चूक राहिली तरच माझी आठवण व्हायची.

मुलाच्या कपाटात एक न उघडलेलं पाकीट निघालं. जाण्याच्या महिनाभर आधी त्यानं चाकूसाठी मागवलेला नवा साज: तापवून जांभळट निळे केलेले सात स्क्रू, त्याच रंगाची क्लिप, दोन खुंट्या. सुनेनं ते पाकीट आणि चाकू दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. "माझ्यानं होत नाही बाबा," ती म्हणाली होती. "उघडायला घेतला की हात थांबतो." ती शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स आहे, रक्त बघून तिचा हात थांबत नाही. "तुमचे हात बारीक कामाचे. त्याला बसवायचं होतं ते, तर बसलेलं असू दे." घरातलं एखादं काम मला जमेल असं कुणी मला म्हटल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. माझी बायको असताना भिंतीत खिळा ठोकायचा तरी ही ठोकायची. "तुम्ही कागदावर कंस द्या, मी ठोकते," म्हणायची. त्या दिवशी सून गेल्यावर मी ते पाकीट वाचायच्या टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.

स्क्रूंची डोकी चांदणीच्या आकाराची होती, सहा टोकांची. घरातलं कुठलंच हत्यार त्यात बसेना. म्हणून कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे गेलो. त्याच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागतं. तो डोळ्याला काच लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात बघत होता.

"चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर मिळेल का? बारीक?"

"कशाला?"

"चाकूला."

त्यानं काच कपाळावर सरकवली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आजोबा, या वयात कुणाचा काटा काढताय?"

मी इतका गोंधळलो की "मुलाचा" म्हणालो. मला चाकू मुलाचा आहे असं म्हणायचं होतं. तो मोठ्यांदा हसला, मागच्या पायरीवरची बाई हसली, मीही हसलो. त्यानं स्क्रूड्रायव्हर दिला, भाडं घेतलं नाही, वर फुकटचा सल्ला दिला: "स्क्रू सुटले नाहीत तर जोर नका लावू. ढिले पडू नयेत म्हणून गोंद लावलेला असतो. ऊब द्या जराशी. सुटतात. माणसांचं तसंच आहे." घरी येईपर्यंत त्याचं बोलणं आठवून मला बरं वाटत होतं. दार लावून घेतल्यावर मात्र तो माझा एक शब्द मला पुन्हा ऐकू आला, तेव्हा हसू आलं नाही.

त्या दुपारी मी इस्त्री तापवली, तिच्या टोकाला चाकूची मूठ क्षणभर टेकवली आणि पहिला स्क्रू फिरवला. तो आधी कुरकुरला, मग सुटला. मी पांढऱ्या कागदावर ओळीनं एकेक स्क्रू मांडत गेलो आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा लिहिला. अवघ्या चार बोटांच्या वस्तूत इतकं काही असतं आणि ते इतक्या शिस्तीत असतं, हे पाहून मला मुलाबद्दल एकदम आदर वाटला. त्याच्या आवडीचं काहीतरी मी पहिल्यांदाच जवळून, भिंगातून, बघत होतो. खुंट्या काढल्या. एका अंगाची खुंटी झिजून गुळगुळीत, पांढरट झाली होती. दुसऱ्या अंगाची जवळजवळ नवी. मी दोन्ही शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहिल्या आणि असा निष्कर्ष काढला की एकीचा मुलामा हलक्या प्रतीचा असावा. भिंग माझ्या हातात होतं, नजर चाळीस वर्षं घासलेली होती, आणि मी हा निष्कर्ष काढला.

मग क्लिप. पाकिटात एक छापील पत्रक होतं, त्यात चाकूचं चित्र. चित्रात क्लिप उजव्या अंगाला होती आणि डाव्या अंगाची भोकं दोन बारीक टिकल्यांनी बुजवलेली होती. चाकूवर नेमकं उलटं. मी पत्रक फिरवून पाहिलं, चाकू फिरवून पाहिला. आणि मला हसू आलं, या वेळी प्रेमानं. त्याचा धांदरटपणा! लहानपणी शर्टाची बटणं एक घर सोडून लावायचा, बूट पायांत उलटसुलट घालायचा, तसंच हेही. इतकी वर्षं चुकीच्या बाजूला क्लिप लावून हिंडला आणि कुणी सांगितलं नाही बिचाऱ्याला. छापील ते बरोबर आणि हातातलं चूक, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की दुसरी शंका मनाला शिवलीही नाही. मी टिकल्या काढून डावीकडे बसवल्या, क्लिप उजवीकडे लावली, सातही निळे स्क्रू आवळले, पातं उघडून मिटून पाहिलं. टक्. पुसून, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून चाकू खणात ठेवला. जुने भाग एका लिफाफ्यात घालून वर तारीख लिहिली. आठ महिन्यांत त्या दुपारी मला पहिल्यांदा भूक लागली.

"चुकीच्या बाजूला?" सून म्हणाली.

"हे बघ ना, पत्रकात..." मी खणातून पत्रक काढून तिच्यासमोर धरलं. तिनं ते पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"बाबा, तो डावरा होता."

"लहानपणी होता," मी म्हणालो. "पाच वर्षांचा असताना. मग मोडली ना ती सवय. मीच मोडली."

"तुमच्यासमोर," ती म्हणाली.

एवढंच. शेजारच्या खोलीत मुंगी, माझी नात, काहीतरी गुणगुणत होती. दाराशी तिच्या दोन पेट्या आणि एक गुंडाळलेली गादी अजून तशीच उभी होती. सुनेला मोठ्या इस्पितळात वर्षभराचं शिक्षण मिळालं होतं, दुसऱ्या शहरात. राहायची सोय तिथल्या वसतिगृहात, आणि तिथं मूल चालत नाही. मुंगीनं ते वर्ष माझ्याकडे काढायचं ठरलं होतं. शाळा दोन गल्ल्या सोडून, नाव घालून झालं होतं. मी माझी पुस्तकं बैठकीत हलवून ती खोली रिकामी केली, खिडकीला जाळी लावून घेतली, बुटकं टेबल आणलं. रोज सकाळी उठून मी त्या रिकाम्या खोलीत जाऊन यायचो, उगाच, काही सरकवायचो, परत होतं तिथं ठेवायचो. सात वर्षांची ती पोर घरात राहील, तिच्यासाठी मला कुकर लावावा लागेल, तिच्या वेण्या घालायला शिकावं लागेल, या कल्पनेनं मी रात्री झोपायचो आणि सकाळी उठायचो. मुलगा गेल्यावर मला कशाचीही इच्छा उरली नव्हती. ही एक उरली होती.

तुमच्यासमोर. तो शब्द घेऊन मी खुर्चीवर बसलो. मला तो पाटीवर वाकलेला दिसला, पाच वर्षांचा, डाव्या मुठीत खडू, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मी त्याला कधी मारलं नाही. याचा मला अभिमान होता. आमच्या पिढीत असे बाप थोडे. मी फक्त जवळ जायचो, हसायचो, खडू त्याच्या डाव्या हातातून काढायचो आणि उजव्या हातात द्यायचो. तो वर बघायचा, मी मान हलवायचो. दिवसातून दहादा, वीसदा. एका शब्दानं कधी रागावलो नाही. ही एकदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली होती, "हात त्याचा आहे हो. तुमचं पुस्तक नाही ते." मी म्हणालो होतो, "वळण आत्ता लागलं तर लागलं." तिनं हात पुसले आणि आत गेली. भांडली असती तर? ती भांडणारी नव्हती आणि मी भांडण्याजोगा नव्हतो. हळूहळू तो उजव्या हातानं लिहू लागला. अक्षर वाईट होतं, शेवटपर्यंत वाईट राहिलं, पण हात उजवा. त्याच वर्षी तो बोलताना अडखळायला लागला. "बाबा" म्हणताना पहिल्याच अक्षरावर इतका वेळ थांबायचा की मला ते ऐकवायचं नाही, मी आधीच "काय रे?" म्हणून टाकायचो. वर्षभरानं तेही गेलं. मला वाटलं, तेही दुरुस्त झालं. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण "काय रे" म्हणताना मी त्याचं वाक्य तोडत होतो हे मात्र मला आत्ता, खुर्चीवर बसल्यावर, कळलं.

सुनेनं स्क्रूड्रायव्हर उचलला होता. घड्याळजीला परत करायचा राहिलेला. उभ्याउभ्याच ती क्लिपचे स्क्रू काढत होती, आणि तिचा हात कुठंही थांबत नव्हता.

"लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आलो ना," ती स्क्रूकडे बघतच बोलू लागली, "तेव्हा त्यानं चमचा उजव्या हातात धरला. मला वाटलं, हाताला काही लागलंय. सांडत होता सारखा. जाताना विचारलं, तर म्हणाला, बाबांना बरं वाटतं."

"असं म्हणाला?"

"रागानं नाही हं. हसत. तुम्ही हसता ना, अगदी तसंच."

तिनं क्लिप डाव्या बाजूला धरली, पहिला स्क्रू बोटांनीच फिरवून लावला. सात वर्षांपूर्वीची, दहा वर्षांपूर्वीची जेवणं मला आठवायला लागली. दर पंधरा दिवसांनी ती यायची, आधी दोघं, मग तिघं. तो समोर बसायचा. मी त्याच्याशी काय बोलत होतो? कामावर कसं चाललंय. बरं चाललंय. लिफ्ट पडते का रे कधी? नाही बाबा, पडत नाही. आणि तो जेवढा वेळ माझ्या घरात असायचा तेवढा वेळ त्याचा डावा हात टेबलाखाली मांडीवर पडून असायचा, आणि मी म्हणायचो, किती शांत झालाय हा आता.

"मुंगीही तशीच आहे, बाबा."

"नाही," मी म्हणालो. "मी पाहिलंय ना तिला. चमचा ती..." आणि थांबलो.

"मला वाटलं होतं, तुमच्या लक्षात आलं असेल. आता मोठी झाली, म्हटलं, आता काही म्हणणार नाहीत." तिनं दुसरा स्क्रू लावला. "पण हे बघितलं आणि..."

"मी तिला काही करणार नाही. तिच्या हाताला... मी हात लावणार नाही."

"तुम्ही मुद्दाम करत नाही बाबा, तेच तर. मुद्दाम केलं असतं तर तो भांडला तरी असता." तिचा आवाज फुटला, तिनं तो सावरला. "ताईकडे ठेवते तिला. तिच्याकडे अडचण आहे, दोन मुलगे, जागा एवढीशी. पण ठेवेल ती."

मी एरवी गप्प बसलो असतो. आयुष्यभर मी अशाच जागी गप्प बसलो आहे आणि त्याला लोक सालसपणा म्हणत आले. पण ती बुटक्या टेबलाची खोली माझ्या डोळ्यांसमोर होती. मी बोलायला लागलो, आणि जुळवून न ठेवलेलं बोलणं माझ्या तोंडून कसं येतं ते मी त्या दिवशी ऐकलं. वाक्यं मोडत होती, क्रियापदं मागे राहत होती. खडूचं सांगितलं. ही दारात काय म्हणाली ते सांगितलं. मुलगा अडखळायचा ते तिला माहीतच नव्हतं. त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. "मला ऐकवायचं नाही गं," मी म्हणालो, "म्हणून मीच पुढचं बोलायचो. त्याला वाटत असेल, बाबांना घाई आहे. मला घाई नव्हती. मला कुठं जायचं होतं?" सून माझ्यासमोर खाली बसली. मी रडतोय हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं माझा चष्मा काढला, आपल्या ओढणीनं पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला, शस्त्रक्रियेआधी पेशंटचं काहीतरी नीट करावं तशा सराईत हातांनी.

"बरं," ती म्हणाली. "बरं, बाबा. नका असं करू. मुंगी तुमच्याकडेच राहील."

"खरंच?"

"मी तिला सांगून ठेवते, आबांना आता चालतं म्हणून. तुम्हीही सांगा. तुम्ही सांगितलंत की होईल." तिनं चाकू मिटला आणि पर्समध्ये टाकला. "आणि वेण्या सैल घाला, तिचं डोकं दुखतं."

मी उठलो. मुंगीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती नव्या टेबलावर वाकून चित्र काढत होती, पाठमोरी, थोडी तिरकी. पेन्सिल डाव्या हातात होती. हात कागदावर असा चालला होता की मी दारातच थांबलो. एक जहाज होतं, की मासा, आणि त्याच्या पाठीवर खिडक्या. एकेक खिडकी ती एका झटक्यात काढत होती, चौकोन मिटताना मनगट हलकेच वळत होतं. तिच्या बापाला मी असं काही करताना कधी पाहिलं नव्हतं. किंवा एकदा पाहिलं होतं, आणि खडू काढून घेतला होता. मला वाटलं, वर्षभर रोज संध्याकाळी मी असा दारात उभा राहीन आणि नुसतं बघेन. मी एक पाऊल आत टाकलं. चपलेचा आवाज झाला असेल.

तिनं वर पाहिलं नाही. दचकली नाही. गुणगुणणंही थांबवलं नाही. पेन्सिल डाव्या हातातून उजव्या हातात गेली, वाऱ्यानं उडालेला फ्रॉक आपण न बघता खाली ओढतो तशी, आणि पुढची खिडकी वाकडी आली.

"मुंगे," मी म्हणालो, "राहू दे की त्याच हातात."

"नको आबा."

"मला चालतं आता. छान येत होतं."

"हा तुमच्या घरचा हात आहे," तिनं मला समजावून सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. आमचा खेळ आहे तो. खालचं फाटक आलं की हात बदलायचा. जो विसरेल तो हरला." ती वाकडी खिडकी जाड करत होती. "बाबा कध्धीच नाही हरले. मी दोनदा हरले."

मी तिच्याजवळ बसलो. पलंग नवा होता, त्यानं माझ्या वजनाला आवाज केला नाही. "आता नाही खेळलीस तरी चालेल," मी म्हणालो. "मी सांगतो ना. आता बंद तो खेळ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे तिच्या आजीचे आहेत, भांडत नाहीत. "बरं," ती म्हणाली, आणि पेन्सिल होती त्याच हातात ठेवून चित्रावर वाकली.

आत काहीतरी हळूहळू उलगडत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मी सांगेन, ती बरं म्हणेल. तिची आई सांगेल, ती बरं म्हणेल. आणि रोज शाळेतून येताना खालचं फाटक आलं की हात बदलेल, कारण बापाबरोबर खेळलेला तो खेळ अजून चालू होता आणि तिला हरायचं नव्हतं. मी तिला काही करणार नाही, असं मी म्हणालो होतो. मला काही करायची गरजच नव्हती. माझं घर ते करणार होतं. वर्षभर, सकाळ संध्याकाळ, माझ्या भिंती, माझी खुर्ची, माझं हसू. इथं राहून तिच्या खिडक्या वाकड्याच येत राहिल्या असत्या, आणि मी दारात उभा राहून म्हटलं असतं, किती शहाणी आहे हो पोर.

बाहेर आलो तेव्हा सून पेट्या आत न्यायला वाकली होती.

"राहू दे," मी म्हणालो. "नको नेऊस आत."

"का?"

खरं सांगावं असं वाटलं. पण खरं सांगितलं असतं तर ती मुंगीला समोर बसवून म्हणाली असती, हा कसला वेड्यासारखा खेळ, बंद कर; किंवा मला म्हणाली असती, होईल हो सवय, लहान आहे. दोन्ही गोष्टी मला नको होत्या. बापाकडून त्या पोरीला मिळालेल्या थोड्या वस्तूंत तो खेळ होता. तो माझ्यामुळे तयार झाला, म्हणून तो मोडायचा हक्क मला नव्हता. त्या खेळाला फक्त माझं फाटक दिसू नये, एवढं मी करू शकत होतो.

"मला झेपणार नाही गं," मी म्हणालो.

ती सरळ उभी राहिली. "आत्ता तर तुम्ही..."

"हो. पण विचार केला. सकाळी उठणं, शाळा, जेवण. वय झालं माझं."

"मघाशी रडत होतात, बाबा."

"म्हणूनच," मी म्हणालो. त्याचा काय अर्थ होता, मला माहीत नाही.

तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. आपण ज्याच्यावर भार टाकला ते फळकूट पोकळ निघालं, की माणूस क्षणभर त्या फळकुटाकडे बघतो, तसं. "आधी सांगायचं होतंत ना," ती हळू म्हणाली. "ताईला सकाळीच कळवलं असतं. शाळेचं आता परत..." मग वाक्य सोडून देऊन तिनं फोन काढला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "ताई, अगं ऐक ना. नाही, नाही जमत त्यांना. हो, ऐनवेळी. काय करणार, म्हातारं माणूस आहे." शेवटचे शब्द तिनं आवाज खाली आणून म्हटले, माझ्याबद्दलच्या मायेनं, आणि मी ते नीट ऐकले.

मुंगीनं चित्र गुंडाळून पेटीच्या पट्ट्यात खोवलं आणि मी वाकलो तशी मला मिठी मारली. तिच्या केसांना पेन्सिलीच्या शिशाचा वास येत होता. "आबा, मी हरले का?" तिनं कानाशी विचारलं. मी म्हणालो, "नाही गं. कुणीच नाही हरलं." सुनेनं "येते, बाबा" म्हटलं आणि गादी उचलली. पेट्या टॅक्सीवाल्यानं नेल्या. मी मदत करू लागलो तर ती म्हणाली, "तुम्ही नका, झेपायचं नाही."

त्या दोघी गेल्यावर मी गॅलरीत आलो. खाली टॅक्सीत सामान भरून झालं होतं. सून पुढं बसली. मुंगी मागं बसायच्या आधी फाटकाबाहेर थांबली आणि वर बघू लागली, मी येईन हे तिला ठाऊक असल्यासारखी. फाटक मागं टाकून ती दोन पावलं रस्त्यावर गेली होती. आता ती हात हलवणार. मी चष्मा काढला आणि गॅलरीच्या कठड्यावर उपडा ठेवला. चष्म्याशिवाय मला खालच्या रस्त्यावरची माणसं म्हणजे रंगाचे ठिपके दिसतात. एक निळा ठिपका वर बघत उभा होता, आणि त्याच्या एका बाजूनं काहीतरी उंच झालं, हलत राहिलं. कुठली बाजू, ते मी पाहिलं नाही. मीही हात वर केला आणि टॅक्सी गेल्याचा आवाज विरेपर्यंत तो तसाच हलवत राहिलो.